निळ्या जाळावरचा चहा

शेजारच्या बिऱ्हाडातली मुलगी गेले दोन दिवस गॅलरीत येरझाऱ्या घालत एकच वाक्य घोकते आहे. "ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्ट करता येत नाही, तिचं केवळ रूपांतर होतं." मधेच थांबून स्वयंपाकघराकडे ओरडते, "आई, पोळी झाली का?" आणि पुन्हा ऊर्जा सुरू. काल न राहवून मी तिला विचारलं, "अगं, ही जी पोळी तू आता खाणार, तिच्यात ऊर्जा आली कुठून?" म्हातारीचं काहीतरी बिघडलं, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ते आम्हाला नाहीये, आजी." म्हणजे परीक्षेला नाही. त्या पोरीचा मला राग आला नाही. शिसारी आली ती तिला असं शिकवणाऱ्यांची, आणि त्यांत मी स्वतःही आले, कारण पोरांकडून घोकून-गिरवून घेण्यातच माझी सगळी नोकरी गेली.

तेव्हापासून घरत मास्तर डोक्यातून जात नाहीत.

पन्नास सालानंतरच्या दिवसांतली ही गोष्ट. महाराष्ट्र अजून व्हायचा होता. पनवेलच्या एका शाळेत मी चित्रकला आणि सुलेखन शिकवत असे. माझं अक्षर फार चांगलं होतं, अजूनही आहे. शाळेचे फलक, प्रगतिपुस्तकांवरची नावं, गॅदरिंगची निमंत्रणं, सगळं माझ्याच हातचं असायचं. हेडमास्तर पाहुण्यांना माझं अक्षर दाखवायचे, गोठ्यातली दुभती म्हैस दाखवावी तसे. मलाही ते आवडायचं. त्या अक्षराची किळस यायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

घरत मास्तर सातवीला विज्ञान शिकवायचे. गाव रोडपाली, घर मिठागरावरचं. बाप, आजा, चुलते सगळे खाडीकाठी मिठात उभे राहून म्हातारे झालेले. त्या घरातला हा पहिला शिकलेला. रोज सकाळी रोडपालीहून पायी येत, आणि त्यांच्या मागोमाग त्या बाजूची पाचसहा पोरं. उंच, काळे, हाडकुळे. धोतर गुडघ्याच्या जरा खालीच संपायचं. आम्हा मास्तरांच्या खोलीत बसले की पाय खुर्चीखाली ओढून घेत, कारण टाचांना मिठानं पडलेल्या भेगा होत्या आणि आमच्यातले काहीजण त्या भेगांकडे मुद्दाम बघत.

त्यांची एक खोड होती. दिसेल त्या वस्तूला ते हात लावून बघत. भिंत, टेबल, चहाची किटली, बाजारात उभ्या बैलाची पाठ, नुकत्याच थांबलेल्या गाडीचा आस. तळहात टेकवायचा, थोडा वेळ ठेवायचा आणि मान डोलवायची. "आहे," म्हणायचे. ऊब आहे, असं त्यांना म्हणायचं असे. मास्तरांच्या खोलीत त्यांना 'चाचपडे' हे नाव पडलं होतं.

दुसरी खोड विडीची. काडेपेटी त्यांच्या खिशात नसायची. एक भिंग असायचं, त्याच्या कडेचा टवका उडालेला. मधल्या सुट्टीत विहिरीच्या कट्ट्यावर बसून त्या भिंगातून विडीच्या टोकावर ऊन धरत आणि धूर निघेपर्यंत गप्प बसत. पावसाळ्यात ऊन नाही म्हणून विडी नाही. चार महिने तसेच काढत. "माझा चातुर्मास," म्हणून हसत. एकदा कुणीतरी भर आषाढात पेटती काडी पुढे केली, तर म्हणाले, "नको. सवय मोडली की मग सूर्याची किंमत राहत नाय."

वर्गात त्यांचा प्रश्न ठरलेला असे: "ही शक्ती आली कुठून?" तेव्हा ऊर्जेला आम्ही शक्तीच म्हणायचो. एखादा पोरगा धावत आला की त्याला दारातच धरायचे. धावलास, ती शक्ती आली कुठून? भाकरीतून. भाकरीत कुठून? तांदळातून. तांदळात? पोरं शेतापर्यंत, पाण्यापर्यंत आणि शेवटी उन्हापर्यंत पोचली की मग त्याला जागेवर बसू द्यायचे. वाटेत कुणी 'देवानं दिली' म्हणालं तर म्हणत, "देवानं दिली असंल, पण कुठल्या वाटेनं? वाट सांग." उत्तर चुकलं तरी रागावत नसत. खोटं उत्तर मात्र त्यांना खपत नसे. न कळता मान हलवणाऱ्याला ते खोटं बोलणाराच समजत.

पनवेलची बैलगाडीची चाकं तेव्हा लांबलांबच्या बाजारांत जात. एकदा मास्तर सबंध वर्ग घेऊन चाकांच्या कारखान्यावर गेले. पोरांना चित्रं काढायला मिळतील म्हणून मीही बरोबर गेले होते. शेण्यांच्या गोल जाळात लोखंडाची धाव लाल होईपर्यंत तापवली, चौघांनी सांडशांनी उचलून लाकडी चाकावर बसवली आणि वरून पाणी ओतलं. वाफेत काही दिसेना. आत लाकूड करकर आवाज करत आवळलं जात होतं.

"हे चाक आवळलं कुणी?" मास्तरांनी विचारलं.

"लोहारानं," सगळी पोरं ओरडली.

"लोहार तर तिकडं घाम पुसतोय."

मग धावेतली धग, धगीसाठी शेण्या, शेण्यांसाठी गाय, गाईसाठी गवत, असं करत पोरं पुन्हा उन्हाशी आली. लोहार पंचा हातात धरून तोंड उघडं टाकून ऐकत होता. शेवटी मास्तर त्याला म्हणाले, "काका, तुमचा खरा मालक वर बसलाय." लोहार इतका हसला की त्यानं सगळ्या पोरांना गूळ-शेंगदाणे दिले. दुसऱ्याच दिवशी बाजारपेठेतल्या दोन पालकांची चिठ्ठी आली, आमची मुलं लोहारकामासाठी शाळेत घातलेली नाहीत म्हणून. हेडमास्तरांनी ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवली. घरत मास्तर किटलीला हात लावून बसले होते.

त्यांना असं कुणीही बोलू शके, कारण ते हंगामी होते. तीन वर्षं झाली तरी त्यांच्या नावामागचं 'हंगामी' सुटत नव्हतं. दर उन्हाळ्यात नेमणूक संपायची आणि जूनमध्ये हेडमास्तरांच्या मर्जीनं पुन्हा मिळायची. मधले दिवस ते बापाबरोबर मिठागरात असत. कायम व्हायचं, एवढी एकच इच्छा मी त्यांच्या तोंडून ऐकली. एकदा ते मला म्हणाले, "बाई, कायम झालो ना, तर बाबाला मिठातून वर काढीन. त्याचे पाय बघवत नाय." ते पाय मी पाहिले होते. चैत्रात त्यांनी वर्ग मिठागरावर नेला, तेव्हा म्हातारा उन्हात पायांनी वाफा तुडवत होता. मास्तरांनी पोरांना विचारलं, वाफ्यातलं पाणी कुठं गेलं? पोरं विचार करत होती तेवढ्यात म्हातारा मान वर न करताच बोलला, "उनानं नेलं पानी. मीठ आमच्यासाठी ठेवलं." मास्तर इतके खूश झाले की त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहून आठ दिवस पुसू दिलं नाही.

आता त्या पिंपाकडे येते.

कुठल्याशा पुस्तिकेत त्यांनी शेणापासून जळणारा वायू करण्याची रीत वाचली. शाळेच्या मागे, विहिरीच्या पलीकडे, डांबराचं एक रिकामं पिंप अर्धं पुरलं. त्यात शेण-पाणी कालवून भरलं आणि वर दुसरं, जरा लहान पिंप उपडं घातलं. त्याला एक तोटी आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा. वायू साठला की वरचं पिंप हळूहळू वर येणार. सातवीची पोरं बाह्या सारून कोपरापर्यंत शेण कालवत होती, आणि मास्तरही. ते तसेच हात धुऊन आमच्या खोलीत येत, आणि हात कितीही धुतले तरी वास राहत असे. मी नाकाला पदर लावायची. शेणानं सारवलेल्या स्वयंपाकघरात मी वाढले, शेणीवरची भाकरी खाऊन मोठी झाले, तरी माझं नाक मुरडलं जायचं. शिपाई त्यांचा कप वेगळा विसळू लागला. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी थांबवलंही नाही.

पिंप वर आलं, पण वायू पेटेना. काडी लावली की विझायची. मास्तरांच्या खोलीत खूप करमणूक झाली. त्यात गवळ्यानं शेण द्यायचं बंद केलं, शेण्यांना कमी पडतं म्हणून. मग मास्तरांची नजर मागच्या संडासांकडे गेली.

तेव्हा टोपलीचे संडास. आमच्या शाळेत दोन, एक मुलांचा आणि एक मास्तरांचा. काशीबाई रोज सकाळी येई, लोखंडी बादलीत सगळं काढी आणि बादली डोक्यावर घेऊन भर बाजारातून गावाबाहेर जाई. हे काम कुणाच्या वाट्याला असे ते वाचणाऱ्याला सांगायला नको. तिचं तोंड मी कधी नीट पाहिलेलं नव्हतं, कारण ती समोरून आली की आम्ही सगळे भिंतीकडे वळत असू.

त्या दिवशी मी विहिरीवर रंगाच्या वाट्या धूत होते. मास्तर तिला आडवे गेले.

"काशीबाय, थांबा. ही बादली ह्या पिंपात ओता."

ती घाबरली. "मास्तर, माजी नोकरी जाईल."

"नाय जाणार. डोक्यावरनं जायचं तेवढं वाचंल. मास्तरांच्या संडासातलं रोज इथंच."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मी होय म्हणते का बघायला. मी खाली मान घालून वाटी घासत राहिले. तिनं बादली ओतली. मला ओकारी आली आणि मी तिथून निघून गेले.

पुढे पंधरा दिवसांत जाळ लागला. पोरांचा आरडाओरडा ऐकून मी गेले तेव्हा नळीच्या टोकाला बोटभर निळी ज्योत होती. धूर नाही, काजळी नाही आणि वासही नाही. रोडपालीची हिरा म्हणून एक मुलगी होती, वेण्या तेलानं चपचपलेल्या, ती आनंदानं उड्या मारत होती, "मास्तर, पेटला! आमी केला!" मास्तरांनी तिथंच तीन दगड मांडले, एक पातेली ठेवली आणि चहा केला. पहिला कप त्यांनी काशीबाईला दिला. दुसरा माझ्यापुढे धरला.

"घ्यायचा तर घ्या, बाई. जाळ कशाचा आहे ते तुम्हाला माहीत आहे."

मी घेतला आणि सबंध प्यायले. चहाला चहाचीच चव होती. मला सगळं माहीत असताना मी तो प्यायले, हे इथं मुद्दाम लिहून ठेवते आहे.

निळी ज्योत हेडमास्तरांच्या कानावर गेली. ते आले, पानाचा तोबरा एका गालात धरून बघत राहिले. "शेणाचा का?" त्यांनी विचारलं. मास्तरांनी जे होतं ते सांगितलं, मास्तरांच्या संडासासकट. हेडमास्तर दोन पावलं मागे सरकले. मी पलीकडे उभी होते आणि मला वाटलं आता पिंप उखडायला लावतील. पण तपासणी पंधरा दिवसांवर आली होती, आणि शाळेत दाखवण्याजोगं दुसरं काही नव्हतं.

"ते दुसरं बोलायचं नाही," ते म्हणाले. "शेण. गोमाता. साहेब धार्मिक आहेत. त्यांना ह्याच्यावरचा चहा देऊ." मग पिंक टाकून म्हणाले, "आणि घरत, तपासणी नीट पार पडली की तुमचा कायमचा कागद मी स्वतः घेऊन जातो."

मास्तर म्हणाले, "मी पोरांना घोकवणार नाय, सर."

"तुम्ही नका घोकवू. मी घोकवतो."

आणि त्यांनी ते केलं. आठ दिवस पहिला तास हेडमास्तरांचा. ही शक्ती आली कुठून? गाईच्या शेणातून! शेणात कुठून? गवतातून! गवतात कुठून? सूर्यनारायणातून! सबंध वर्ग एका सुरात. जी वाट शोधायला पोरांना वर्ष लागलं होतं, तिचं आठ दिवसांत पाठांतर झालं. शिवाय तपासणीचा जुना रिवाज होताच. प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. ज्यांना पढवलंय त्यांनी उजवा, बाकीच्यांनी डावा. म्हणजे साहेबांना वर्गभर हात दिसतील आणि शिक्षकानं उजवा बघून उठवायचं. रोडपालीच्या पोरांना हेडमास्तरांनी डाव्या हातात टाकलं. त्यांची बोली गावठी, साहेबांपुढे बरं दिसत नाही.

हे चालू असताना मास्तर खिडकीशी उभे राहायचे, गजावर हात ठेवून. तेवढं त्यांनी गिळलं, बापाच्या पायांसाठी. मी त्याबद्दल त्यांना बोल लावत नाही. मी तर वर्गाच्या दारावर लावायला 'गोमातेचे वरदान' अशी पाटी रंगवून दिली होती, झुपकेदार अक्षरात, खाली वेलबुट्टी काढून.

तपासनीस साहेब आले. वयस्क गृहस्थ, गळ्यात उपरणं, आवाज मऊ. चाकाची चित्रं पाहिली, पोरांना प्रश्न विचारले आणि मास्तरांचं बोलणं मान डोलवत ऐकलं. मग मागच्या अंगणात, सातवीच्या पोरांना ओळीनं बसवून, निळ्या जाळावर चहा झाला. त्यांनी एक कप घेतला, 'वा!' म्हणाले, आणि दुसरा मागितला. हेडमास्तर गाईवर बोलले. आम्ही सगळे मागे हात बांधून उभे होतो. साहेबांनी आपणहून विचारलं, "हे घरत कायम आहेत ना?" हेडमास्तर म्हणाले, "करतोच आहोत, साहेब. कागद तयारच आहे." मास्तरांकडे मी पाहिलं. त्यांचा हात पातेल्याच्या कडेवर होता आणि भाजत असूनही त्यांनी तो काढला नव्हता.

दुसरा कप अर्धा झाला असताना साहेबांना पोरांची गंमत करावीशी वाटली. "सांगा बघू, ज्या शक्तीनं हा चहा उकळला ती आली कुठून?"

भराभर हात वर झाले. हेडमास्तरांनी उजव्या हातातला एक पोरगा हेरला आणि त्याच्याकडे बोट केलं. पण साहेब हसले. तेही कधीकाळी मास्तर होते आणि हा रिवाज त्यांनी स्वतः वापरला असणार. "थांबा," ते म्हणाले, "ही डावा हात वर केलेली मुलगी सांगेल."

हिरा उठली. तिला डावा हात करायला सांगितला होता म्हणून तिनं तो केला होता. उत्तर तिला येत होतंच.

"मास्तरांच्या संडासातून, सायब," ती म्हणाली. "आनि गाईच्या शेनातून पन. काशीबाय वतते."

साहेबांनी कपाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "ही मुलगी काय बोलते आहे? खरं आहे का हे?"

एक 'नाही' पुरेसं होतं. पोर वेडी आहे, गावची आहे, तिला कळलं नाही, काहीही चाललं असतं. साहेबांनाही तेच ऐकायचं होतं. हेडमास्तर डोळे मोठे करून मास्तरांकडे बघत होते.

मास्तर म्हणाले, "होय साहेब. दोन्ही आहे." मग हिराकडे वळून, रोज वर्गात म्हणत तसंच म्हणाले, "बरोबर. बस खाली."

साहेबांनी कप टाकला. विहिरीवर जाऊन ते ओकले, मग किती वेळ चुळा भरत राहिले. हेडमास्तर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत मोठमोठ्यानं ओरडत होते की मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, ह्या माणसानं फसवलं. एवढ्या गडबडीत मास्तर खाली वाकले आणि त्यांनी तोटी बंद केली, वायू फुकट जात होता म्हणून.

मला खरी शिसारी आली ती इथून पुढच्या प्रकाराची. दुपारी हेच साहेब हेडमास्तरांच्या घरी जेवले, पुरणपोळी आणि वर विडा. आणि जेवणं होईपर्यंत निवेदन लिहायचं ठरलं. श्री. घरत यांनी सहकाऱ्यांस अंधारात ठेवून किळसवाणा प्रकार केला, त्यांच्या संगतीने विद्यार्थ्यांच्या मनावर अनिष्ट परिणाम होत आहे, सबब त्यांना या शाळेत ठेवू नये. हेडमास्तरांनी मजकूर सांगितला. तोंडात पान असल्यानं त्याचे थेंब टेबलावर उडत होते आणि ते ओल्या बोटानं कागद माझ्यापुढे सरकवत होते. "बाई, तुम्ही उतरवा. तुमच्या अक्षराला वजन आहे."

मी उतरवलं. माझा नवरा गेल्याला तेव्हा वर्ष झालं होतं, माझीही नोकरी होती, हे सांगून मी स्वतःला आजवर सोडवत आले आहे. पण नोकरी वाचवायला नुसती सही पुरली असती. मी समास सोडला, ओळी सरळ ठेवल्या, 'किळसवाणा' हा शब्द मोठा आहे म्हणून तो ओळीच्या शेवटी तुटू नये याची काळजी घेतली. सगळ्यांनी सह्या केल्या. एकानं टाक पुसून पुढच्याच्या हातात दिला, स्वच्छतेसाठी. पहिली सही माझी होती.

चार दिवसांत हुकूम आला. हंगामी नेमणूक संपली.

त्या दिवशी हेडमास्तरांनी काशीबाईला फर्मावलं, पिंप आजच्या आज रिकामं कर. महिन्याभराचा तो सगळा रेंदा तिनं एकटीनं डोक्यावरून वाहायचा होता. मास्तर आपलं भिंग आणि दोन पुस्तकं घ्यायला आले होते. त्यांनी ते पाहिलं. सदरा काढून खुंटीला लावला, शिपायाकडून दुसरी बादली मागितली, आणि भरून डोक्यावर घेतली. पुढे काशीबाई, मागे घरत मास्तर, अशी ती दोघं टळटळीत दुपारी भर बाजारातून गावाबाहेर गेली. चार खेपा केल्या. दुकानदार नाकाला उपरणी लावून फळ्यांवर उभे राहून बघत होते. चाकांच्या कारखान्यासमोर तो लोहार मात्र उठून उभा राहिला, असं मी नंतर ऐकलं. मी स्वतः वर्गात होते. मुलांना 'ळ' गिरवायला दिला होता.

हिरा त्या दिवसापासून शाळेत आली नाही. बापानं तिला मिठावर घातली.

पुढे महाराष्ट्र झाला, आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीत खानेसुमारीचं, म्हणजे जनगणनेचं, काम आम्हा शिक्षकांवर आलं. माझ्या वाट्याला रोडपाली आली. बदलून मागायचा मी प्रयत्न केला, जमला नाही.

घर खाडीच्या बांधाला लागून होतं. मास्तर अंगणातल्या बाजेवर बसले होते. केस पांढरे झालेले, पाय बाजेखाली ओढून घेतलेले, आणि हातात तेच भिंग. मला पाहून उठले. "या बाई, बसा." एवढं सहज म्हणाले की मला बसणं भाग पडलं. बाप गेल्याला दोन वर्षं झाली होती, मिठातच होता शेवटपर्यंत. त्यांच्या बायकोनं चहा आणला. मी कप हातात घेतला तेव्हा ते म्हणाले, "लाकडावरचा आहे. घ्या बिनधास्त." त्यात टोमणा होता का, हे मला आजही सांगता येत नाही.

मी तक्ता काढला आणि विचारत गेले. नाव, वय, लग्न, शिक्षण. ते माझ्या टाकाकडे बघत होते.

"अक्षर तसंच आहे, बाई," ते म्हणाले. "साहेबांनी तो कागद मला वाचायला दिला होता. मी दोनदा वाचला. एक खाडाखोड नव्हती. हात कुठं थरथरलेला नव्हता." मग वर्गात विचारत तसंच, उत्तर खरंच हवं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "ती शक्ती आली कुठून?"

मला त्या अंगणातून उठून पळावंसं वाटलं. मी खाली मान घालून पुढचा रकाना घेतला. धंदा. त्यांना न विचारताच मी तिथं 'शिक्षक' लिहिलं, जमेल तितकं सुरेख, आणि तक्ता त्यांच्यासमोर धरला. मला वाटलं, एवढं तरी मला देता येईल.

त्यांनी वाचलं आणि मान हलवली.

"खोटं नको, बाई. मिठागर लिहा."

मी 'शिक्षक' खोडलं. सुलेखनाच्या इतक्या वर्षांत माझ्या हातून कागदावर झालेली ती पहिली खाडाखोड. शाई ओली होती, ती पसरली आणि त्या शब्दाचा डाग झाला. वर बारीक अक्षरात मी 'मिठागर' लिहिलं. मास्तर तोवर बाजेवर मागे सरकून विडीच्या टोकावर ऊन धरून बसले होते, धूर निघायची वाट बघत. मी निघाले तेव्हाही त्यांनी वर पाहिलं नाही.